सपाट गाठ

"सिस्टर, ह्यांना आधी विचारा, झाडावर एक तरी जांभूळ ठेवलंय की नाय!"

प्लँटवरचा दत्ताराम घडशी दारातूनच ओरडला आणि त्याच्यामागून भागोजीदादा हसत हसत आत आले. हसताना त्यांचे ओठ दिसले आणि मलाही हसू फुटलं. ओठ पार जांभळेकाळे झाले होते. अर्थात मला हसायचा काही अधिकार नव्हता. माझ्या टेबलावरही जांभळांचा द्रोण होता आणि माझी जीभही सकाळपासून तशीच रंगलेली होती.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. कंपनीच्या गेटावर कातकरणी जांभळांच्या पाट्या घेऊन बसायच्या आणि पहिल्या पाळीची माणसं आत येतानाच द्रोण भरून घ्यायची. दुपारपर्यंत अख्ख्या कंपनीचं तोंड जांभळं व्हायचं. राउंडला आलेले मॅनेजरसाहेबसुद्धा त्या दिवसांत तोंड मिटून हसायचे.

"काय होतंय, भागोजीदादा?" मी विचारलं.

"काय नाय ओ. डोकं जरा ठणकतंय. एक गोळी द्या, चारची बस धरायची हाय. आज कुंदाचा साखरपुडा ना! पाच वाजता माणसं येणार आणि नवरीचा बाप डोकं धरून बसला तर कसं दिसंल?"

ही गोष्ट चोवीस वर्षांपूर्वीची. सावरखिंडच्या औद्योगिक वसाहतीत कापडाच्या रंगांना लागणारी रसायनं बनवणारी एक कंपनी होती आणि तिच्या वैद्यकीय खोलीत मी नर्स म्हणून लागले होते. वय चोवीस, नोकरी सहा महिन्यांची आणि तीही अजून कच्ची. खोलीत एक खाट, एक ऑक्सिजनचं सिलिंडर, औषधांचं कपाट आणि शेजारी मोठा शॉवर असलेली मोरी. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. बाकीचे दिवस सगळा कारभार माझाच. कारभार म्हणजे तरी काय, कापलेली बोटं बांधायची आणि ॲसिडिटीच्या गोळ्या वाटायच्या.

बांधण्यात मात्र माझा हात कोणी धरू शकत नव्हतं. नर्सिंगला आम्हाला पट्टी बांधायला सपाट गाठ शिकवतात. उजवं टोक डाव्यावर, मग डावं उजव्यावर. ती चपटी बसते, टोचत नाही आणि आपोआप सुटत नाही. मला तिची अशी सवय लागली होती की डब्याची पिशवी असो, नाहीतर कागदांचं पुडकं, माझ्या हातून तीच गाठ पडायची. दर सोमवारी प्लँटच्या लोकांना दहा मिनिटं प्रथमोपचार शिकवायचे, त्यातही मी सगळ्यांना ती बांधायला लावायची. सगळ्यांना जमली, फक्त भागोजीदादांना नाही. त्यांची गाठ दर वेळी आडवी यायची. "सिस्टर, आमच्या बोटांना एवढी अक्कल नाय," असं म्हणून ते पट्टी माझ्या हातात परत द्यायचे आणि वर्ग हसायचा.

त्या दिवशीही मी हसतहसतच कपाट उघडलं आणि गोळी काढली. ती घ्यायला त्यांनी हात पुढे केला.

मी गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली नाही. त्यांचं बोट धरून उजेडाकडे वळवलं. नखं निळी होती. दहाच्या दहा नखं, मुळापासून.

"भागोजीदादा, जांभळं किती खाल्लीत?"

"आज नाय खाल्ली. दाढ दुखतीय."

दत्ताराम अजून हसत होता. "मग तोंड काय शाईनं धुतलंय काय?"

"दत्ताराम, जांभळं तोंडानं खातात," मी म्हणाले, "नखांनी नाही खात."

त्याचं हसू जागच्या जागी थांबलं.

"आज अंगावर काय उडालं?" मी विचारलं.

"काय नाय. तेल उडालं जरासं. पंपाच्या तोंडाशी गळत होतं, तर मांडीवर नि खाली पायावर आलं. मी लगेच पुसलं की चिंध्यानं."

"किती वाजता?"

"झाले असतील तीन तास."

तेल म्हणजे आमच्याकडे अनिलिन. ड्रमवरही इंग्रजीत अनिलिन ऑइल असंच लिहिलेलं असायचं आणि दिसायलाही ते तेलासारखंच पिवळट, चिकट. नाव तेल पडलं म्हणून माणसं त्याला तेलासारखंच वागवायची. पुसायचं आणि विसरायचं. ॲसिड उडालं की माणूस बोंबलत माझ्याकडे धावत यायचा, कारण ॲसिड भाजतं. तेल भाजत नाही, चुरचुरतही नाही. ते कातडीतून गुपचूप आत जातं आणि रक्ताला असं करून टाकतं की रक्त अंगभर फिरतं, पण त्यातला प्राणवायू अंगाला मिळत नाही. माणूस श्वास घेत असतो आणि आतून गुदमरत असतो. हे सगळं मला पुस्तकातून पाठ होतं. डोळ्यांनी आजच बघत होते.

"दत्ताराम, यांना मोरीत ने. अंगावरचं सगळं काढा. एकूण एक. बूट, मोजे, पट्टा, करगोट्यासकट."

"करगोटा पण?" भागोजीदादा दचकले.

"करगोटा पण."

भिंतीवर बोर्ड होता: दूषित कपडे व पादत्राणे त्वरित काढावीत. त्या बोर्डाखाली मी सहा महिने बसले होते. आज पहिल्यांदा त्याचा उपयोग करत होते.

दत्तारामला मी रबरी हातमोजे दिले, साबणाची नवी वडी दिली आणि दाराबाहेर उभी राहून सूचना देत राहिले. डोक्यावरून पाणी सोड. केस साबणाने धू. काखा, कानांमागे, नखांच्या आत. पुन्हा साबण. पंधरा मिनिटं पाणी बंद करायचं नाही. आतून भागोजीदादांचा आवाज येत होता, "अरं, अंगाला हळद लावतोयस काय, लगीन पोरीचं हाय, माझं नाय!" त्यांचा विनोद चालू होता, तेवढाच मला धीर.

कपडे मी चिमट्याने उचलून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले आणि तोंड बांधलं. बूट दाराबाहेर राहिले. ते गमबूट नव्हते. तपकिरी, चामड्याचे, नाडीचे नवे बूट होते.

मग डॉक्टर लिमयांना तालुक्याच्या हॉस्पिटलात फोन लावला. तो तिसऱ्या खेपेला लागला.

"कपडे काढलेस?" त्यांनी विचारलं.

"हो सर."

"सगळं काढलंस? साबणाने धुतलंस?"

"सगळं. आता ऑक्सिजन लावतेय."

"शाब्बास. ऑक्सिजन चालू ठेव आणि ताबडतोब इकडे घेऊन ये. इंजेक्शन माझ्याकडे आहे. आत्ता बरा वाटला तरी सोडू नकोस. तासाभराने खाली बसतात ही माणसं."

डॉक्टरांच्या त्या शाब्बासकीनं मी फुगले, हे आज कबूल करते.

ऑक्सिजनवर वीस मिनिटं पडल्यावर भागोजीदादांचं डोकं हलकं झालं. ओठांचा रंग फारसा बदलला नव्हता, पण बोलणं पूर्ववत सुरू झालं होतं. हॉस्पिटल म्हटल्यावर मात्र त्यांनी मास्क नाकावरून खाली ओढला.

"सिस्टर, साखरपुडा हाय ओ आज."

"जीव आहे की नाही? आधी जीव."

"घर रस्त्यातच हाय. हॉस्पिटलकडं जायला आमच्या वाडीवरूनच जावं लागतं. पाच मिनिटं थांबू. पाहुण्यांना तोंड दाखवतो, पोरीच्या डोक्यावर हात ठेवतो आणि मग न्या कुठं न्यायचा तिथं. नवरीचा बाप नाय म्हटल्यावर लोकं काय म्हणतील ओ? आई नाय तिला."

आई नाय तिला, हे त्यांनी सहज म्हटलं, पण मी तिथेच विरघळले. माझे वडील मी बारावीत असताना गेले होते. घरी आई आणि धाकटा भाऊ माझ्या पगारावर होते. बापाशिवाय कार्य काय असतं ते मला कोणी सांगायला नको होतं. वाडी खरोखरच वाटेवर होती. सिलिंडर जीपमध्ये बरोबर होतं, मी बरोबर होते.

"पाच मिनिटं," मी म्हणाले. "सहावं नाही."

कार्यासाठी आणलेले नवे कपडे त्यांच्या पिशवीत होतेच. पांढरा शर्ट, राखाडी पँट, पांढरे मोजे. सगळं चढवलं आणि मी त्यांच्यापुढे मोरीतल्या रबरी स्लीपर ठेवल्या.

त्यांनी स्लीपरकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"सिस्टर, माझे बूट?"

"आज स्लीपरच घाला."

"पोरीच्या साखरपुड्याला स्लीपर?" त्यांचा चेहरा एवढासा झाला. "ते कुंदानं घेतलेत ओ. बालवाडीत शिकवते ना ती, पहिल्या मानधनातनं चिपळूणला जाऊन घेऊन आली. आजच्या दिवसासाठी. आठ दिवस चावत होते, पायात बसावेत म्हणून मी गमबूट सोडून कामावर हेच घालत होतो. दत्ताराम ओरडत होता. पण आज बघा, कसे मऊ पडले! दुपारपासनं एकदा पण चावले नाय."

हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं. ऐकून मी काय केलं? बाहेर जाऊन ओल्या फडक्याने ते बूट वरून पुसले. वरून ते स्वच्छ झाले. फडकं मी टाकून दिलं, हातमोजे टाकून दिले आणि बूट आत आणले. बोर्डावर पादत्राणे काढावीत असं होतं. पुन्हा घालू नयेत असं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

वाकलं की त्यांना गरगरत होतं. मग मीच गुडघ्यांवर बसले, त्यांचा एकेक पाय बुटात सरकवला आणि नाड्या बांधल्या. माझ्या हाताला जी सवय होती तशाच.

"पोरीसारखं करताय," भागोजीदादा वरून म्हणाले. मला भरून आलं.

जीप उस्मानभाई चालवत होते. दत्तारामला पाळी संपवून मागून यायचं होतं, म्हणून आम्ही तिघंच. वाटेत पाऊण तास भागोजीदादा मास्क लावून गप्प बसले होते. मला वाटलं, विश्रांती घेतायत. जीपमध्ये तेलाचा तो कुजकट वास येत होता, पण तो वास सहा महिने माझ्या साडीला, केसांना, डब्यालासुद्धा येत होता. नाकाने त्याची दखल घेणं कधीच सोडून दिलं होतं.

वाडी दिसली तसा त्यांनी मास्क काढला. "हे नळकांडं बघून माणसं घाबरतील," म्हणाले. अंगणात मांडव होता. सतरंज्यांवर पाहुणे बसलेले. मुलाचे वडील सखाराम मांडवकर, एसटीतून निवृत्त झालेले धिप्पाड गृहस्थ, उठून पुढे आले. कुंदा हिरव्या साडीत पायरीशी उभी होती, हातात पाण्याचा तांब्या. बाहेरून आलेल्या माणसाच्या पायावर पाणी घालायचं आणि मग त्यानं घरात यायचं, ही त्या वाडीची रीत. बापाच्या पायावर आजच्या दिवशी पाणी तीच घालणार होती.

भागोजीदादा जीपमधून उतरले, चार पावलं नीट चालले आणि पायरीवर मटकन बसले.

"बाबा, किती उशीर!" कुंदा म्हणाली आणि तांब्या ठेवून त्यांच्या बुटाशी बसली. नाडी ओढून बघितली. नखांनी उकलायला गेली. "ही कसली गाठ घातलीत? सुटतच नाय."

"नवीन बूट... नवीन गाठ," ते म्हणाले. जीभ जड झाली होती.

कुंदाने हात वर करून बोटांकडे पाहिलं. बोटांची टोकं तेलकट, तपकिरी झाली होती. तिने ती नाकाशी नेली आणि त्याच क्षणी तो वास मला आला. सहा महिन्यांत पहिल्यांदा, इथे, मोगरा आणि उदबत्तीच्या मांडवात तो वास मला आला.

मऊ पडले. दुपारपासनं एकदा पण चावले नाय.

"कुंदा, हात काढ!" मी अशी किंचाळले की मांडव चिडीचूप झाला. "साबण आण! आधी तुझे हात धू! कोणी त्या बुटाला हात लावू नका!"

पिशवीतून हातमोजे काढले, चढवले, कात्रीने दोन्ही नाड्या कापल्या आणि बूट ओढून काढले. नवे पांढरे मोजे घोट्यापर्यंत चहात बुडवल्यासारखे झाले होते. चामडं दुपारी तेल प्यायलं होतं. पाऊण तास ते तेल घामाने भिजलेल्या पावलांना परत पाजत होतं. मी अंगभर धुऊन काढलेला माणूस माझ्याच हातांनी पुन्हा तेलात उभा केला होता.

भागोजीदादा मागे कलंडले. ओठ आता जांभळे नव्हते, राखेसारखे झाले होते. उस्मानभाईंनी धावत जाऊन सिलिंडर आणलं, मास्क लावला. मी पँट गुडघ्यापर्यंत कापली आणि पायांना साबण लावायला लागले. एवढ्यात पाण्याचा धबधबा माझ्या हातांवर पडला. वर बघितलं तर सखाराम मांडवकर. ज्यांचे पाय आज या घराने धुवायचे, ते मुलाचे वडील धोतर खोचून दोन हातांत दोन बादल्या घेऊन उभे होते.

"धुवा, धुवा, पाणी किती हवं ते सांगा," ते म्हणाले. मागे वळून त्यांनी मुलाला हाक मारली, "बघतोस काय, रहाट ओढ!"

मांडवातून कोणी तरी पुटपुटलं, ऐन कार्यात हे काय. सखारामांनी तिकडे न बघताच सांगितलं, "कार्य कुठं पळून जात नाय. माणूस पळून चाललाय, तो धरा आधी."

नखं, बोटांच्या बेचक्या, टाचा, पुन्हा नखं. कुंदाही हात धुऊन बापाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या हिरव्या साडीचा चिखल झाला होता. मी पाय धूत होते आणि मनातल्या मनात एकच घोकत होते, मरू नका, मरू नका, मी बांधलेल्या नाड्यांनी मरू नका.

बूट पिशवीत घालून उस्मानभाईंनी जीपच्या टपावर बांधले. हॉस्पिटलच्या दारात डॉक्टर लिमये उभेच होते. त्यांनी आधी रक्त काढलं. सुईत लाल काही आलंच नाही, चिंचेच्या कोळासारखं काळपट तपकिरी आलं. मग त्यांनी निळंभोर औषध शिरेतून सोडायला घेतलं. निळ्या पडलेल्या माणसाला निळं औषध देतात, हे पुस्तकात वाचलं होतं तेव्हा मला गंमत वाटली होती. आता मी त्या सुईकडे बघत देवाचं नाव घेत होते. पंधरा मिनिटं गेली, वीस गेली. पंचविसाव्या मिनिटाला कुंदा म्हणाली, "ओठ बघा." ओठ हळूहळू माणसासारखे होत होते.

डोळे उघडल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सिस्टर, बूट कुठायत?"

मी तिथेच खुर्चीवर बसून ढसाढसा रडले.

दुसऱ्या दिवशी भेटायला गेले तेव्हा ते उशीला टेकून बसले होते. हातात पट्टीचा एक तुकडा होता आणि तो ते बांधत होते, सोडत होते. "वेळ जात नाय ओ," म्हणाले आणि तुकडा उशीखाली सारला. मी जे बोलायला गेले होते ते बोललेच. "बूट मी तुमच्या पायात घालायला नको होते. चूक माझी आहे. चौकशीत मी तसं सांगणार."

त्यांनी उलट मलाच विचारलं, "तुमची नोकरी पक्की कधी होणार?"

"पुढच्या महिन्यात."

"हं," म्हणाले आणि जांभळांची चौकशी करायला लागले.

आठवड्याने सेफ्टी ऑफिसर बोंद्रेसाहेबांच्या केबिनमध्ये चौकशी झाली. टेबलावर पारदर्शक पिशवीत ते बूट होते. नाड्या मी मधून कापल्या होत्या, त्यामुळे दोन्ही गाठी जशाच्या तशा शाबूत राहिल्या होत्या. चपट्या, सारख्या, पुस्तकातल्या चित्रासारख्या. मला त्या गाठींवर माझं नाव लिहिलेलं दिसत होतं.

"धुतल्यानंतर हे बूट पुन्हा पायात कोणी घातले?" साहेबांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. पण माझ्या आधी भागोजीदादा बोलले.

"मीच घातले, साहेब. सिस्टर नको नको म्हणत होत्या. त्यांनी स्लीपर ठेवल्या होत्या पुढं. त्या फोनवर होत्या तेवढ्यात मी चढवले."

"नाड्याही तुम्हीच बांधल्या?"

"मग काय! एवढी वर्षं नाड्या बांधतोय."

साहेब पिशवीकडे वळले. "नाड्या कापलेल्या दिसतायत."

"ओल्या होत्या, सुटेनात," मी म्हणाले. त्या चौकशीत मी बोललेलं हे एकच वाक्य. ते खरं होतं आणि म्हणूनच मला त्याची आजही लाज वाटते.

भागोजीदादांना लेखी ताकीद मिळाली. गमबूट न घातल्याची एक आणि दूषित बूट पुन्हा घातल्याची दुसरी. प्लँटवर पंधरा वर्षं काढलेले हुशार ऑपरेटर बागेत गेले. झाडांना पाणी घालताना दिसले की मी दुसऱ्या वाटेने जायची. ते मात्र मोठ्याने हाक मारायचे, "सिस्टर, आज नखं बघायची नाय काय?" कुंदाचा साखरपुडा पंधरा दिवसांनी झाला. नवरीचा बाप मांडवात रबरी स्लीपर घालून आला आणि सखारामांनी ते सगळ्या पाहुण्यांना बोट करून दाखवलं.

माझी नोकरी पक्की झाली. त्यानंतर चोवीस वर्षं कंपनीत येणाऱ्या प्रत्येक माणसाला मी पहिल्या दिवशी शिकवलं, की तेल उडालं तर पुसत बसू नका, काढा आणि धुवा. चामडं कधीही परत घालू नका, ते कापून टाका. बोर्डही मी बदलून घेतला. उदाहरण म्हणून दर वेळी बुटांची गोष्ट सांगितली, आणि दर वेळी सांगितलं की त्या माणसाने ऐकलं नाही, स्वतःच बूट घातले. तेवढी ओळ आली की मी फळ्याकडे वळायची.

गेल्या मे महिन्यात मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. कँटीनच्या हॉलमध्ये निरोपाचा कार्यक्रम होता. जुन्या माणसांनाही बोलावलं होतं. पहिल्या रांगेत भागोजीदादा होते, आता सत्तरीचे, शेजारी कुंदा. त्यांनी जांभळांचा द्रोण आणला होता. मॅनेजर म्हणाले, सिस्टर, शेवटचा वर्ग घ्या. मी घेतला. बुटांची गोष्ट सुरू केली. ती ओळ आली. या वेळी मी फळ्याकडे वळले नाही.

"बूट त्यांनी घातले नाहीत," मी म्हणाले. "मी घातले. गुडघ्यांवर बसून माझ्या हाताने नाड्या बांधल्या. मला त्यांची माया आली म्हणून. आणि चौकशीत मी गप्प बसले. शिक्षा त्यांनी भोगली."

मग पहिल्या रांगेतली खुर्ची करकरली.

"साहेब, सिस्टर खोटं बोलतायत," भागोजीदादा उभे राहत म्हणाले. "वय झालं त्यांचं. बूट मीच घातले होते."

"दादा, आता पुरे," मी म्हणाले. डोळे भरले होते, पण हसूही येत होतं. "ती गाठ सपाट होती. तुम्हाला कधी तरी बांधता आली का? सगळ्या वर्गाला माहीत आहे."

ते टेबलाशी आले. शिकवण्यासाठी ठेवलेली पट्टी त्यांनी उचलली. उजवं टोक डाव्यावर घेतलं. डावं उजव्यावर. ओढलं. गाठ चपटी, सारखी, पुस्तकातल्या चित्रासारखी बसली.

मी गाठीकडे बघतच राहिले.

"हॉस्पिटलात शिकलो ओ, पडल्या पडल्या," त्यांनी मला एकटीला ऐकू येईल असं सांगितलं. "चौकशीत कोणी म्हणालं असतं, बांधून दाखव, तर?"

"पण कोणी विचारलंच नाही."

"नाय ना," ते म्हणाले आणि पट्टी माझ्या हातात ठेवली. "चोवीस वर्षं वाट बघतोय."